बॉयलरचं रडणं

फोनवर माणसं पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला असतो. "मॅडम, किती दिवसांत बंद होईल?" काय बंद व्हायला हवंय ते नंतर सांगतात. भुंकणं असो, चावणं असो, सोफा फाडणं असो, गळका नळ दुरुस्त करून घ्यावा तसं त्यांना ते बंद करून हवं असतं. कुत्रा असं का करतो, हे स्वतःहून विचारणारं माणूस मला इतक्या वर्षांत क्वचितच भेटलं. जे भेटले त्यांना बहुधा माझी गरज नव्हती.

मी कुत्र्यांना शिकवते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर एवढाच माझा मुलूख. राहते बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात, फिरते स्कूटरवर. सुरुवात उल्हासनगरात एका जनावरांच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून झाली. ते सुई टोचणार आणि मी कुत्रा धरणार, एवढंच काम. धरता धरता कळत गेलं की आपण जोर लावला की कुत्राही जोर लावतो, आणि आपण श्वास सोडला की तोही सोडतो. पुढे एमआयडीसीतल्या कंपन्यांची राखणीची कुत्री शिकवली. मग इथे बिल्डिंगा वाढल्या तशी घरातली कुत्री आली. तोंडावर मला मॅडम म्हणतात आणि पाठीमागे कुत्रेवाली बाई. दोन्हीला मी ओ देते.

"हट्टी कुत्रा" हे शब्द कानावर पडले की मी आधी घरातल्या माणसांकडे बघते. उल्हासनगरला एका कापडवाल्या सिंधी शेठचा पोमेरियन होता. शेठ म्हणाले, "मॅडम, गेस्ट आने में कोई तकलीफ नहीं. बसतो, लाड करून घेतो. पण जायला उठला की पायाला पकडतो. आमच्याकडे माणूस येऊ शकतो, जाऊ शकत नाही." मी दोनतीन वेळा त्यांच्याकडे नुसती जाऊन बसले. पाहुणा उठला की कुत्रा गुरगुरायचा, आणि शेठाणी त्याला गप्प करायला "अरे मेरा बच्चा" म्हणत त्याच्या तोंडात पापडाचा तुकडा घालायच्या. कुत्रा बरोबर शिकला होता. माणूस उठला की गुरगुरायचं, म्हणजे पापड मिळतो. पापडाला उशीर झाला तर पोटरी धरायची. मी एवढंच बदललं की पाहुणा उठायच्या आधी कुत्र्याला त्याच्या चटईवर पाठवायचं आणि पापड तिथे द्यायचा. पाहुणे सुखरूप घरी जायला लागले. शेठनी मला साडी दिली आणि सगळ्या मार्केटात सांगितलं की या बाईकडे काहीतरी मंत्र आहे. मी साडी घेतली आणि मंत्राबद्दल गप्प बसले.

आमच्या धंद्यात पद्धत निवडणं हेच खरं काम. भुंकणं भीतीचं असेल तर एक उपाय, कंटाळ्याचं असेल तर दुसरा, कुणाला बोलावण्यासाठी असेल तर तिसराच. भीतीने भुंकणाऱ्याला मारलं तर त्याची भीती वाढते. कंटाळून भुंकणाऱ्याला कुरवाळलं तर त्याला भुंकायचं कारण मिळतं. म्हणून आधी कारण शोधायचं, मग पद्धत ठरवायची, आणि एकदा ठरवली की तिच्यात दुसरी मिसळायची नाही. हे मी प्रत्येक घरात पहिल्या दिवशी सांगते. डॉक्टरांचं औषध चालू असताना शेजारणीचा काढा घेऊ नका, असं समजावते. लोक मान डोलावतात. बॉयलरच्या घरीही डोलावली होती.

बॉयलर म्हणजे काळा, उंच, गावठी कुत्रा. अंबरनाथच्या एका कंपनीत बॉयलर हाऊसच्या मागे जन्मला. आई ट्रकखाली गेली, म्हणून तिथले फिटर बबनकाका त्याला डब्याच्या पिशवीतून घरी घेऊन आले आणि नावही तिथलंच ठेवलं. काकांची बिल्डिंग एमआयडीसीच्या अलीकडेच, कंपनीचा भोंगा घरात स्पष्ट ऐकू येणारी. काका पहिल्या पाळीला असायचे. दुपारी भोंगा वाजला की बॉयलर गॅलरीत जाऊन, मान वर करून लांबलचक सूर लावायचा, आणि थोड्या वेळाने काका जिना चढून यायचे. काका निवृत्त झाले तरी भोंगा चालू राहिला आणि बॉयलरचा सूरही. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पोरं खालून त्याची नक्कल करायची.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, खोलीत खाट पडली. त्याच सुमारास खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ वारले. लगेच कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या दुपारी कुत्रं रडलं होतं.

आपल्याकडे कुत्र्याचं रडणं म्हणजे काय, ते सांगायला नको. त्याला यम दिसतो, घरात किंवा शेजारात कुणीतरी जाणार. मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी जिना चढताना पाहिलं, प्रत्येक दाराबाहेर एकेक चप्पल उलटी घालून ठेवलेली. उलट्या चपलेने कुत्र्याचं रडणं थांबतं म्हणे. एरवी चप्पल उलटी पडली तर घरात भांडण होईल म्हणून धावत जाऊन सुलटी करणारी ही माणसं. अख्खी बिल्डिंग भांडणाचा धोका पत्करून बसली होती, तेव्हा मामला गंभीर आहे हे मला दारातच कळलं.

घरात काकांचा मुलगा महेश, मुंबईत नोकरीला, सकाळी जाऊन रात्री येणारा, आणि सून स्वाती. काकांचं अंग पुसण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं तीच करायची. महेशने सरळ सांगितलं, "मॅडम, सोसायटीने मीटिंग घेतली. सेक्रेटरी म्हणतात, आम्ही पण डॉगलव्हर आहोत, पण आवाज बंद करा नाहीतर कुत्रा काढा. जांभूळ गावाकडे एकाची वाडी आहे, तो ठेवून घेईल. पण बाबा ऐकत नाहीत. तुमच्याने होत असेल तर बघा, नाहीतर मी त्याला सोडून येतो."

खाटेवरून काका जड जिभेने म्हणाले, "रडत नाय तो. मला हाक मारतो."

काकांचं बरोबर होतं. कुत्र्याला भोंग्याचा आवाज लांब असलेल्या दुसऱ्या कुत्र्यासारखा वाटतो, म्हणून तो उत्तर देतो. त्यात बॉयलर भोंग्याच्या आवाजातच जन्मला, आणि भोंगा वाजला की माणूस घरी येतो हे तो लहानपणापासून बघत आला. त्याच्या दृष्टीने ती आनंदाची वेळ होती. मी हे सगळ्यांना समजावलं. काका अर्ध्या तोंडाने हसले आणि म्हणाले, "भोंग्याला आम्ही पण जन्मभर ओ दिली." महेश म्हणाला, "ते ठीक आहे मॅडम, पण बंद कधी होईल?"

भोंगा काही मला बंद करता येत नव्हता. कुत्र्याला शिक्षा करण्यात अर्थ नव्हता, कारण त्याने काही वाईट केलंच नव्हतं. मग मी त्याला त्या वेळेला दुसरं काम द्यायचं ठरवलं. भोंगा वाजला की गॅलरीत न जाता काकांच्या खाटेशी जायचं, काकांच्या डाव्या हातावर हनुवटी टेकायची आणि काकांनी उकडलेल्या अंड्याचा तुकडा भरवायचा. चघळणारं तोंड सूर लावू शकत नाही, एवढं साधं गणित. भोंगा मी रस्त्यावर उभी राहून मोबाईलमध्ये भरून घेतला. तो आधी अगदी हळू वाजवायचा, मग रोज थोडा मोठा करायचा, आणि त्या जोरावर खऱ्या भोंग्यापर्यंत जायचं. घाई केली तर सगळं फिसकटतं. मी महिनाभराची मुदत मागितली आणि सांगितलं की मधे कुणी ओरडायचं नाही, मारायचं नाही, दुसरा कसलाही उपाय करायचा नाही. दोघांनी माना डोलावल्या.

काकांना मी म्हटलं, "मास्तर तुम्ही. मी तुमची हेल्पर."

ते खरोखरच मास्तर झाले. झटक्यानंतर ते कशातच रस घेत नव्हते, असं स्वाती सांगायची. आता दुपार झाली की तेच विचारायला लागले, अंडं उकडलं का. डाव्या हाताने तुकडा धरायला सुरुवातीला जमायचं नाही, तुकडा चादरीत पडायचा आणि बॉयलर तो शोधत बसायचा. काका त्याला वेळ द्यायचे. जन्मभर नटबोल्ट हाताळलेला माणूस, घाई केली की आटे जातात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. हळूहळू मोबाईलच्या भोंग्याला बॉयलर गॅलरी सोडून खोलीत पळायला लागला. खऱ्या भोंग्याला गॅलरीच्या दारापर्यंत जायचा, तोंड उघडायचा, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा वळून काकांकडे यायचा. तुम्ही कुठल्याही धंद्यात असा, हाताखालचं काम असं जमून येताना बघायला मिळणं म्हणजे भाग्यच, आणि ते मी त्या घरात पाहिलं. पुढचं लिहिताना तेवढं विसरायचं नाही असं मी ठरवलंय.

मग कंपनीत सुरक्षेची तालीम झाली. आग लागली तर काय करायचं याची, वर्षातून कधीतरी करतात तशी. भोंगा नेहमीसारखा एकदा वाजून थांबला नाही. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. बॉयलर बिचारा शिकवल्याप्रमाणे खाटेशी गेला, अंडं खाल्लं. अंडं संपलं तरी भोंगा चालूच. शेवटी काकांच्या हातावरची मान वर करून त्याने सूर लावला, तो भोंगा थांबेपर्यंत. म्हणजे या वेळी कुत्रं रडलं ते थेट काकांच्या उशाशी.

आणि त्याच संध्याकाळी काकांना ताप भरला, छातीत कफ झाला, दवाखान्यात न्यावं लागलं.

खाटेवर महिनोन्महिने पडून राहिलेल्या माणसाच्या छातीत कफ होतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण डॉक्टरांचं कोण ऐकतो. मुरबाडकडून काकांची थोरली बहीण आली, तिने येताच फर्मान काढलं, "त्या कुत्र्याचा आवाज मोडा आधी. माझा भाव जायला टेकलाय आन् तुम्ही त्याला अंडी चारताय." मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला स्वातीचा मेसेज आला, बाबा आजारी आहेत, थोडे दिवस क्लास बंद ठेवू. मी म्हटलं, ठीक आहे.

काका घरी आल्याचं कळलं तेव्हा मी सहज भेटायला गेले. दार उघडताच स्वाती म्हणाली, "बघा ना मॅडम, एकदम शांत झाला." बॉयलर जेवणाच्या टेबलाखाली भिंतीला चिकटून बसला होता. त्याच्या गळ्यात काळा, जाड पट्टा होता.

हे पट्टे ऑनलाईन मिळतात. गळ्याला टेकतील असे दोन धातूचे खुंट असतात. कुत्र्याने आवाज काढला, गळा थरथरला, की त्यातून झटका बसतो. विकणारे लिहितात की कुत्र्याला काही त्रास होत नाही. मी एकदा तो मनगटावर लावून बघितलाय. ज्यांना त्रास होत नाही असं वाटतं त्यांनीही बघावा.

मी तिथे असतानाच दुपारचा भोंगा झाला. बॉयलर उठला. सवयीने खोलीकडे दोन पावलं गेला, आणि उंबऱ्याशी येताच सबंध अंग आखडून मागे फिरला, ते थेट बाथरूममध्ये. आतून काका त्याला बोलावत होते. त्यांचा डावा हात खाटेबाहेर आला होता, बोटांत अंड्याचा तुकडा होता.

काय झालं असणार ते माझ्या लक्षात आलं. पट्टा बांधल्यावर पहिला भोंगा वाजला तेव्हा बॉयलर शिकवल्याप्रमाणे खाटेशी गेला असणार. दवाखान्यातून परतलेल्या काकांना बघून त्याने आनंदाने आवाज काढला, आणि तिथेच त्याला झटका बसला. पट्ट्यातून झटका बसतो हे कुत्र्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आपण काकांच्या हातावर हनुवटी टेकली आणि तिथे आपल्याला कुणीतरी मारलं. नुसता पट्टा असता तर तो गॅलरीला घाबरला असता. नुसतं अंडं असतं तर तो काकांकडे येत राहिला असता. दोन्ही मिसळल्यामुळे तो नेमका काकांना घाबरला. आणि भोंगा वाजला की काकांकडे जायला त्याला मी शिकवलं होतं.

मी आत गेले. काका म्हणाले, "रागावलाय." मी म्हटलं, "नाही हो काका, तुमच्यावर नाही." हे पट्ट्यामुळे झालंय असं मी सांगायला लागले, पण त्यांनी मान फिरवली, पुढचं ऐकलं नाही. त्यांना पट्ट्याचं घरच्या कुणी नीट सांगितलंच नव्हतं. नवा पट्टा आणलाय, एवढंच ठाऊक होतं.

मी तिथूनच महेशला फोन लावला आणि जे वर लिहिलं ते सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही एवढे दिवस अंडी खाऊ घातलीत. हे एका दिवसात झालं. रिझल्ट बघा ना."

"अरे, पण तो बाबांजवळ जात नाही आता."

"जाईल नंतर. गप्प आहे ना?"

मी पट्टा काढला. बॉयलरला उचलून खोलीत न्यायला गेले, तर उंबऱ्यावर तो भीतीने मुतला. स्वाती फडकं घेऊन आली आणि पुसता पुसता रडायला लागली. "मला काय हौस आहे का मॅडम? रोज खालून निरोप येतो. उद्या बाबांना काही झालं तर सगळे म्हणतील, सुनेने रडणारं कुत्रं घरात ठेवलं. तुम्ही जाल निघून." तिच्यावर मला रागावता आलं नाही. तिने पट्टा पुन्हा बांधला तेव्हा मी तिचा हात धरला नाही. ते घर माझं नव्हतं, कुत्राही माझा नव्हता. जाताना तिने मला सांगितलं की महेश म्हणतायत, आता येऊ नका.

पुढे महिन्याभराने काका गेले. कफानेच गेले, एका सकाळी, भोंगा वगैरे काही नसताना. बॉयलरने त्या दिवसांत चकार शब्द काढला नव्हता, तरीही गेले. सोसायटीतल्या कुणाला या गोष्टीवरून काही वाटलं असेल असं मला वाटत नाही.

मी चौथ्या-पाचव्या दिवशी भेटायला गेले. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर चारसहा बायका बसल्या होत्या, मधे मुरबाडच्या आत्या, काकांची बहीण. काकांच्या खोलीतली खाट हलवली होती, गादी देऊन टाकली होती, फरशी धुतलेली होती. बॉयलर टेबलाखाली होता, पट्टा गळ्यात तसाच. मी कोण ते आत्यांना माहीत नव्हतं. त्या शेजारणीला सांगत होत्या, "काय उपेग जनावराचा? बबननं हातानं भरवलं त्याला, लेकरावानी वाढवला. पण आजारपणात खाटंजवळ फिरकला नाय. हाका मारून दमला माझा भाव. आन् गेला त्या दिशी समदं घर रडत व्हतं, पण ह्यो एकदा तरी रडला का बघा." शेजारीण म्हणाली, "हो ना, मी पण तेच म्हटलं, बाकीच्यांची कुत्री कशी मालक गेला की जेवत नाहीत." हिच्याही दाराबाहेर मी उलटी चप्पल पाहिली होती.

मला आत्यांचा राग आला, शेजारणीचा आला, महेशचा आला. इतका की बोलले असते तर त्या घरात शोभलं नसतं असं काहीतरी बोलले असते. पण सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं की तो मुलखाचा शहाणा म्हातारा, कुत्रा हाक मारतो हे कुणी न सांगता ओळखणारा, आपला कुत्रा आपल्यावर रुसला असं समजून गेला. ते आता कुठल्याच पद्धतीने दुरुस्त होणार नव्हतं.

स्वाती पाणी घेऊन आली. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, "मॅडम, तेवढा पट्टा काढून द्याल का? मला तो नीट हात लावू देत नाही. आता रडला तरी चालेल."

मी टेबलाखाली हात घालून पट्टा काढला. केसांखाली दोन जागी कातडी सोलवटली होती. बॉयलर उठला, अंग झटकलं, आणि त्या रिकाम्या खोलीच्या दारापर्यंत गेला. उंबऱ्याच्या बाहेर थांबला. आत वास घेत बराच वेळ उभा राहिला. स्वाती म्हणाली, "जा रे, जा आत." आत जायला त्याला आता कुणाचीच ना नव्हती. तो उंबऱ्याबाहेर खाली बसला आणि मी निघेपर्यंत तिथेच बसून होता.